बिंदूला लांबी नाही, मग रेषाखंडाला ती कुठून आली?

मुलीच्या भूमितीच्या पुस्तकावरून तुम्ही विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. एक : बिंदूला लांबी, रुंदी, जाडी यांपैकी काहीच नसते असे पुस्तक सांगते आणि लगेच पुढे रेषा हा बिंदूंचा संच असतो असेही सांगते, मग लांबी नसलेल्या गोष्टी एकत्र आल्यावर लांबी कशी तयार होते? दोन : रेषा, किरण आणि रेषाखंड यांच्यात टोकाच्या बाणांपलीकडे काही फरक आहे का? तीन : ‘चार बिंदूंतून किती रेषा काढता येतील?’ या उदाहरणाचे उत्तर मुलीने ४ काढले, उत्तरसूचीत ६ आहे. मग मुलीचे चुकले का?

तिसऱ्याचे उत्तर आधीच सांगून टाकतो : तिची आकृती पाहिल्याशिवाय तिचे चुकले असे म्हणता येणार नाही. त्याचे कारण शेवटी येईलच. पहिला प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो. भूमिती शिकवताना वर्गात हा प्रश्न कुणी विचारला की मी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवतो, कारण ज्याला हा प्रश्न पडला तो व्याख्या पाठ करत नसून खरोखर वाचतो आहे.

सुरुवात ‘बिंदू म्हणजे काय’ इथूनच करू. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात २३ व्याख्या दिल्या. त्यातली पहिली अशी की ज्याला भाग नाहीत तो बिंदू, आणि दुसरी अशी की रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. नीट पाहिले तर या व्याख्या बिंदू काय नाही, रेषेला काय नाही, एवढेच सांगतात. ‘भाग’ म्हणजे काय, ‘लांबी’ म्हणजे काय, हे विचारले की पुन्हा नव्या व्याख्या लागतील आणि त्या कुठे संपणारच नाहीत. पुढच्या सिद्धतांमध्येही ‘बिंदूला भाग नसतात म्हणून’ असे कारण द्यावे लागत नाही. तिथे उपयोगी पडतात ती गृहीतके, म्हणजे सिद्ध न करता मान्य केलेली विधाने : एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषा काढता येते, काढलेली रेषा त्याच दिशेने पुढे वाढवता येते, वगैरे.

जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीच्या पायाची फेरमांडणी केली तेव्हा त्याने बिंदू, रेषा आणि प्रतल यांच्या व्याख्या दिल्याच नाहीत. हे तीन संबोध मूलभूत मानायचे आणि त्यांच्यातली नाती कोणते नियम पाळतात तेवढे सांगायचे. नाती मुख्यतः तीन : बिंदू रेषेवर असणे, एक बिंदू दुसऱ्या दोघांच्या दरम्यान असणे आणि एकरूप असणे. म्हणून मुलांना मी सांगतो की ‘बिंदू कशाचा बनला आहे’ हे विचारू नका, ‘बिंदूंबद्दल काय खरे आहे’ ते विचारा. ‘दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते’ हे वाक्य ज्याला मनापासून पटले आणि वापरता आले, त्याला बिंदू कळला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. युक्लिडच्या ग्रंथात रेषा बिंदूंची ‘बनलेली’ नाही. बिंदू रेषेची टोके असतात किंवा रेषेवर असतात. ‘रेषा म्हणजे बिंदूंचा संच’ ही भाषा त्यामानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकात संचांचा विचार सुरू झाल्यानंतरची. ती भाषा सोयीची आहे, बरोबरही आहे, पण तिच्यामुळे मनात एक चुकीचे चित्र तयार होते. मण्यांची माळ असावी तशी रेषा असेल, एक बिंदू, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, असे ते चित्र. तुमच्या प्रश्नाची सारी अडचण या चित्रात आहे. माळेची लांबी मण्यांच्या लांबीची बेरीज करून मिळते, म्हणून बिंदूंचीही बेरीज करायला हवी असे वाटते, आणि शून्यांची बेरीज तर शून्यच येते.

पण रेषेवर ‘शेजारचा बिंदू’ नावाची गोष्टच नसते. अ आणि ब हे कोणतेही दोन वेगळे बिंदू घ्या. त्यांच्या मधोमध एक बिंदू आहे. अ आणि त्या बिंदूच्या मधोमध आणखी एक आहे. ही कृती कधीच थांबत नाही. दोन बिंदू कितीही जवळ घेतले तरी त्यांच्या दरम्यान तिसरा सापडतोच, मग ‘अ च्या लगेच पुढचा’ कुणाला म्हणायचे? पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने मोजत रेषाखंडावरचे सगळे बिंदू संपवता येत नाहीत, अगदी अनंत यादी केली तरी काही बिंदू यादीबाहेर राहतातच. हे जर्मन गणिती गेऑर्ग कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केले. बेरीज करायची तर एकामागून एक संख्या घ्याव्या लागतात. इथे ‘एकामागून एक’ हेच शक्य नाही, म्हणून शून्यांच्या बेरजेचा मुद्दा लागूच पडत नाही.

याहून पटणारी गोष्ट कागदावर करून बघता येते. एक त्रिकोण काढा, पाया १० सेंमी. पायाला समांतर असा ५ सेंमीचा रेषाखंड त्रिकोणात आत काढा. तो बरोबर अर्ध्या उंचीवर येईल. आता शिरोबिंदूतून खाली कुठेही एक सरळ रेघ ओढा. ती आतल्या रेषाखंडाला एका बिंदूत छेदते आणि पायाला एका बिंदूत. रेघ सरकवत नेली की आतल्या प्रत्येक बिंदूला पायावरचा एक जोडीदार मिळतो, पायावरच्या प्रत्येक बिंदूला आतला एक मिळतो, आणि दोन्हीकडे कुणीही एकटे उरत नाही. म्हणजे ५ सेंमीच्या रेषाखंडावर जेवढे बिंदू, तेवढेच १० सेंमीच्या रेषाखंडावर. मुलांना हे करायला दिले की थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग वाद सुरू होतो. तो वाद होऊ द्यावा. १८७७ मध्ये कँटरने गणिती रिचर्ड डेडेकिंडला पत्रातून कळवले होते की रेषाखंडावर आणि चौरसात बिंदू सारखेच असतात, आणि हे दिसत असूनही विश्वास बसत नाही असेही त्याने लिहिले होते. तेव्हा मुलांना धक्का बसला तर नवल नाही.

यातून एक गोष्ट पक्की होते. किती बिंदू आहेत यावरून लांबी ठरत नाही. मग कशावरून ठरते? दोन बिंदूंमधल्या अंतरावरून. लांबी हा एकेका बिंदूचा गुण नसून बिंदूंच्या जोडीचा आहे. एकट्या बिंदूला लांबी नसते हे वाक्य ‘एकट्या माणसाची उंची शून्य’ अशा प्रकारचे नाही. ते ‘एकट्या माणसाला नाते नसते’ अशा प्रकारचे आहे. नाते जोडीत असते, तसे अंतरही.

हे अंतर संख्येत पकडायची रीत अशी. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला एक वास्तव संख्या द्यायची, तिला त्या बिंदूचा निर्देशक म्हणतात. दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे त्यांच्या मोठ्या निर्देशकातून लहान निर्देशक वजा करून आलेली संख्या. जॉर्ज बर्कहॉफने १९३२ मध्ये हेच गृहीतक म्हणून मांडले आणि शालेय भूमितीने ते उचलले, कारण ते पट्टीशी थेट जुळते. अ चा निर्देशक −३ आणि ब चा ५ असेल तर अंतर ५ − (−३) = ८. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, चिन्ह विसरून ५ − ३ = २ करणे. दुसरी जास्त रोचक आहे : संख्यारेषेवर −३ पासून ५ पर्यंतच्या खुणा मोजून ९ सांगणे. खुणा ९ आहेतच, पण त्यांच्यातली अंतरे ८ आहेत. जे मूल ९ सांगते ते अजून बिंदू मोजते आहे, अंतर मोजत नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नातला गोंधळच इथे वेगळ्या रूपात आला. अशा मुलाला टोक तुटलेली पट्टी द्या आणि रेषाखंड मोजायला सांगा. पट्टी २ पासून सुरू होत असेल तरी मोजमाप अडत नाही : एक टोक २ वर, दुसरे ९ वर, लांबी ७ सेंमी. शून्याची खूण ही फक्त सोय आहे हे त्याला हाताने कळते आणि ते पुन्हा विसरत नाही.

आता दुसरा प्रश्न. बाण हे चिन्ह आहे, फरक त्याच्या मागे आहे, आणि तो सगळा फरक ‘दरम्यान’ या एका नात्याने सांगता येतो. अ, ब, क हे तीन वेगळे एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवरचे, बिंदू असतील आणि अ–ब अंतर अधिक ब–क अंतर बरोबर अ–क अंतर असेल, तर ब हा अ आणि क यांच्या दरम्यान आहे. एवढे हाताशी आले की बाकीचे आपोआप येते. अ, ब आणि त्यांच्या दरम्यानचे सगळे बिंदू मिळून रेख अब, म्हणजे रेषाखंड अब. त्यात असे बिंदू मिळवा की ज्यांच्यासाठी ब हा अ च्या आणि त्यांच्या दरम्यान येतो, म्हणजे ब च्या पलीकडचे. झाला किरण अब. त्यात अ च्या पलीकडचेही मिळवा. झाली रेषा अब.

म्हणून नावे वाचताना काळजी घ्यावी लागते. रेख अब आणि रेख बअ एकच. रेषा अब आणि रेषा बअ एकच. पण किरण अब आणि किरण बअ वेगळे, कारण पहिले अक्षर किरणाचा आरंभबिंदू सांगते. या दोन किरणांवर एक सुंदर उदाहरण आहे : किरण अब आणि किरण बअ यांचे सामाईक बिंदू कोणते? बरोबर रेख अब. आणि दोघांचे सगळे बिंदू एकत्र केले तर? अख्खी रेषा. हे ज्याने आकृती काढून शोधले त्याला तिन्ही संबोध वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

एका रेषेवर अ, ब, क, ड असे चार बिंदू याच क्रमाने असतील तर रेषा एकच, तिची नावे मात्र अनेक. रेषाखंड ६ : अब, अक, अड, बक, बड, कड. या बिंदूंपासून सुरू होणारे किरण किती? प्रत्येक बिंदूपासून दोन दिशांना, म्हणून ८. पण त्यातल्या दोन किरणांना या चार अक्षरांत नाव देता येत नाही, कारण अ पासून डावीकडे आणि ड पासून उजवीकडे नाव सांगायला दुसरा बिंदूच नाही. परीक्षेत ‘आकृतीतील किरणांची नावे लिहा’ आणि ‘किरण किती’ हे म्हणूनच वेगळे प्रश्न आहेत. शिवाय किरण अब, किरण अक आणि किरण अड ही एकाच किरणाची तीन नावे. मुले तीन किरण मोजतात. ती चूक मोजणीची नसून नाव आणि वस्तू यांची गल्लत आहे.

‘दरम्यान’ हे नाते इतके उघड वाटते की युक्लिडनेही त्याचे नियम लिहिले नाहीत. आकृतीत दिसते आहे तसे तो धरून चालला. मॉरिट्झ पाशने १८८२ मध्ये ही उणीव भरून काढली. त्याचे एक गृहीतक वाचताना सोपे वाटते : त्रिकोणाच्या प्रतलातली एखादी रेषा त्याच्या एका बाजूला आतल्या बिंदूत छेदत असेल आणि कोणत्याही शिरोबिंदूतून जात नसेल, तर ती उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीला छेदतेच. आत गेलेली रेषा बाहेर पडणारच, एवढाच अर्थ. पण हे युक्लिडच्या गृहीतकांमधून सिद्ध करता येत नाही, ते वेगळे मांडावेच लागते. आकृतीवर नुसता विश्वास ठेवू नये असे आम्ही शिक्षक सतत का सांगतो, त्याचे कारण हेच आहे.

जाता जाता, युक्लिडच्या ग्रंथात ‘सरळ रेषा’ म्हणजे बहुधा आजचा रेषाखंडच. म्हणून तर ती ‘वाढवता येते’ असे वेगळे गृहीतक त्याला लागले. दोन्ही बाजूंना अमर्याद पसरलेली रेषा आधी घ्यायची आणि तिच्यातून रेषाखंड काढायचा, ही आपली सवय.

या भेदाचा वापर कुठे होतो ते एक-दोन ठिकाणी दाखवतो. कागदावरचे दोन रेषाखंड एकमेकांना छेदत नाहीत म्हणून ते समांतर ठरत नाहीत. ज्या रेषांचे ते भाग आहेत त्या रेषा समांतर हव्यात. त्या एकाच प्रतलात असणेही आवश्यक आहे, नाहीतर खोलीच्या छतावरची एक कड आणि जमिनीवरची तिला आडव्या दिशेने जाणारी कड कधीच भेटत नाहीत तरी समांतर नसतात. मध्यबिंदूचेही तसेच. म पासून अ आणि ब सारख्याच अंतरावर आहेत एवढ्यावरून म हा मध्यबिंदू होत नाही. असे बिंदू तर रेख अब च्या लंबदुभाजकावर, म्हणजे तिला मधोमध काटकोनात छेदणाऱ्या रेषेवर, हवे तेवढे आहेत. म हा अ आणि ब यांच्या दरम्यानही हवा. आणि रेषेला किंवा किरणाला मध्यबिंदू नसतोच, कारण मध्य काढायला दोन टोके लागतात.

अंतरांवरून एकरेषीयता तपासण्याचे उदाहरणही इथलेच. अंतरे ७, १० आणि १७ असतील तर ७ + १० = १७, बिंदू एकरेषीय. ७, १० आणि १६ असतील तर बेरीज जुळत नाही, ते त्रिकोणाचे शिरोबिंदू. उलट प्रश्न मुलांना अडवतो : अ–ब अंतर ५, ब–क अंतर ८, तर अ–क किती? बिंदू एकरेषीय आहेत असे दिले तर १३ किंवा ३, दोन्ही उत्तरे लिहावीत. तसे दिले नसेल तर ३ पासून १३ पर्यंत काहीही. एकच उत्तर लिहिणाऱ्याने मनातली आकृती उदाहरणावर लादलेली असते.

‘दोन बिंदूंतून एकच रेषा’ हा नियम हातात पट्टी असतानाही उपयोगी पडतो. पट्टीची कड सरळ आहे का हे कसे तपासाल? कागदावर दूरदूर दोन बिंदू घ्या, कड दोन्हींना लावून रेघ ओढा. मग पट्टी पालथी करा, पण डावे टोक डावीकडेच ठेवा, आणि तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने त्याच दोन बिंदूंना लावून पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांमध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे, कारण त्या दोन बिंदूंतून दोन वेगळ्या सरळ रेषा जाऊच शकत नाहीत. पट्टी पालथी न करता नुसती गोल फिरवून टोकांची अदलाबदल केली तर ही तपासणी फसू शकते : कडेला एका अर्ध्यात फुगवटा आणि दुसऱ्या अर्ध्यात तसाच खोलगटपणा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात आणि दोष लपतो.

तसेच, रेषा आखायला घेतलेले बिंदू एकमेकांपासून लांब घ्यावेत. १ सेंमी अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एकावर पट्टी अर्धा मिलिमीटर चुकली, तर २० सेंमी पुढे रेघ तब्बल १ सेंमी भरकटते. तेच बिंदू १० सेंमी अंतरावर असले तर चूक १ मिलिमीटरवर येते. नियमाला दोन बिंदू कितीही जवळचे चालतात. पेन्सिलीला चालत नाहीत.

आता चार बिंदूंचे उदाहरण. चार बिंदूंतून दोन-दोनच्या जोड्या ६ होतात आणि प्रत्येक जोडी एक रेषा ठरवते. कोणतेही तीन बिंदू एकरेषीय नसतील तर सहाही रेषा वेगळ्या, उत्तर ६. उत्तरसूचीने ही अट धरली आहे, पण उदाहरणात ती लिहिलेली नसेल तर चूक उदाहरणाची आहे. समजा अ, ब, क एकरेषीय आहेत आणि ड त्या रेषेबाहेर. मग अब, बक, अक या तीन जोड्यांची मिळून एकच रेषा होते. ६ मधून ३ गेल्या, १ आली : उत्तर ४. मुलीने बहुधा हीच आकृती काढली आहे. चारही एकरेषीय असतील तर उत्तर १.

आणि २, ३ किंवा ५ हे उत्तर कधीच येत नाही. रेषा ६ पेक्षा कमी व्हायच्या तर दोन जोड्यांची रेषा एकच असायला हवी, म्हणजे किमान तीन बिंदू एकरेषीय हवेत, आणि तसे झाले की संख्या एकदम ४ वर येते. ५ मध्येच ओलांडला जातो. आणखी खाली जायला तीन बिंदूंचा दुसरा एखादा गट एकरेषीय हवा. पण चार बिंदूंतले असे कोणतेही दोन गट घेतले तरी त्यांच्यात दोन बिंदू सामाईक असतात, आणि दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून दोन्ही गट एकाच रेषेवर येतात आणि उत्तर थेट १ होते. मुलीला तिचे ४ खोडायला सांगू नका, हे कारण तिच्याकडून वदवून घ्या.

तिला पुढे जायचे असेल तर पाच बिंदू द्या. तिथे १, ५, ६, ८ आणि १० हीच उत्तरे येतात. ६ कसे येते ते शोधायला थोडा वेळ लागेल : तीन-तीन बिंदूंच्या दोन रेषा हव्यात आणि त्यांचा छेदनबिंदू दिलेल्या पाचांपैकीच एक हवा. ७ आणि ९ का येत नाहीत हे वरच्याच युक्तीने, दोन गटांत किती बिंदू सामाईक राहतात ते पाहून, तिला स्वतःला सिद्ध करता येईल.